पाकीचा पहिला धडा

आमचं माहेर कर्जतचं आणि सासरही कर्जतचं. हे ऐकून लोकांना वाटतं, गल्लीतल्या गल्लीतच सोयरीक झाली. तसं नाही. माहेरचं कर्जत नगर जिल्ह्यातलं, तिथं पाऊस कधी येईल म्हणून आभाळाकडे बघतात. सासरचं कर्जत रायगडातलं, इथं पाऊस कधी थांबेल म्हणून बघतात. पुढं जे सांगायचं आहे त्यात या दुसऱ्या पावसाचा बराच हात आहे, म्हणून आधीच सांगून ठेवलं. आणखी एक. उर्दू शाळेत शिकवून ‘हम’ म्हणायची सवय लागली आहे, ती मराठीतही सुटत नाही. तेव्हा ‘आम्ही’ म्हणजे कधी आम्ही नवरा-बायको, कधी आम्ही एकट्याच. वाचणाऱ्यानं समजून घ्यावं.

आमचा धाकटा उशिरा झाला. मोठी मुलगी दहावीला, मुलगा सातवीला, आमची चाळिशी उलटलेली, आणि अल्लाहनं हे दान पदरात टाकलं. घरात त्याला छोटे मियाँ म्हणतात. दोन वर्षं त्याला सासूबाईंनी सांभाळला. आम्ही सकाळच्या खोपोली लोकलनं खालापूर तालुक्यातल्या शाळेत, हे कल्याणकडे कामाला. सगळं ठीक चाललं होतं. मग २०२५ च्या एप्रिलमध्ये सासूबाईंचे गुडघे बसले. मांडी घालायची नाही, उकिडवं बसायचं नाही, मूल उचलायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. नमाजसुद्धा खुर्चीवर आली.

अंगणवाडीत तीन वर्षांचं मूल घेतात. छोटे मियाँ सव्वादोन वर्षांचे. तेव्हा जूनपासून जवळच्या एका खाजगी बालवाडीत ठेवायचं ठरलं. तिथल्या बाईंची एकच अट होती: डायपर चालणार नाही, शी-सू सांगणारं मूल पाहिजे. आम्ही हसून ‘हो’ म्हणालो. मे महिन्याची सुट्टी हाताशी होती. पहिलीच्या चाळीस पोरांना अलिफ-बे गिरवायला लावणाऱ्या बाईला एका पोराची शी-सू म्हणजे काय, पंधरा दिवसांचं काम!

बाजारातून बदकाच्या आकाराची प्लॅस्टिकची पॉटी आणली. भिंतीवर वेळापत्रक लावलं. दर तासाला बसवायचं, केलं तर चांदणी चिकटवायची. पहिल्या दिवशी छोटे मियाँनी पॉटी टोपीसारखी डोक्यावर घातली, दुसऱ्या दिवशी तिच्यात गाड्या भरल्या. बसवलं की वीस वीस मिनिटं शहाण्यासारखे बसायचे, उठले की कपाटामागं जाऊन चड्डीत करायचे. आम्हाला वाटायचं, मुद्दाम करतो. वर्गातही आम्हाला असंच वाटतं पुष्कळदा.

त्यातच त्या वर्षी पाऊस मे महिन्यातच आला. मुंबईत तो २६ मेला पोचला. इकडं घाटाच्या पायथ्याशी तर घरातली चादरसुद्धा ओलसर लागायला लागली. पडवीतल्या दोरीवर एका वेळी अकरा-अकरा चड्ड्या. एकही सुकेना. इस्त्री फिरवून सुकवायच्या, तर सगळ्या घरभर तो वास. आणि आमच्या डोक्यात सारखं एकच: हे नापाक झालं, ते नापाक झालं. जानमाज उचला, सतरंजी धुवा, नमाजचे कपडे वरच्या फळीवर ठेवा. आमच्या माहेरी हनफी पद्धत, कोकणात सासरी शाफई. छोटे मियाँ अंगावर पीत होते तेव्हा यावरून सासू-सुनेची गंमतही झाली होती. दूधपित्या मुलग्यानं, अजून अन्न सुरू नसताना, कपडा ओला केला तर सासूबाई पाणी शिंपडून मोकळ्या, आणि आम्ही तोच कपडा तीन पाण्यांतून पिळून काढणार. आता तर तो वरणभात खाणारा गडी, धुण्यात वाद नव्हताच. पण धुताना तोंड बंद ठेवायला काही हरकत नव्हती. आम्ही दिवसातून दहादा त्याच्यासमोर म्हणायचो, “छी! सगळं नापाक करून ठेवलं!”

७ जूनला ईद-उल-अजहा होती. पुरुषमंडळी नमाजहून आली, नेरळहून नणंद आणि तिच्या घरचे आले. बाहेरच्या खोलीत नवा गालिचा घातला होता. आम्ही शीरखुर्म्याच्या वाट्या घेऊन आलो तर छोटे मियाँ गालिच्याच्या मधोमध उभे, गुडघे जरा वाकवलेले, चेहरा लाल. आम्हाला कळायच्या आत काम झालेलं. आमच्या तोंडून किंकाळी निघाली. वाट्या कुठं ठेवल्या आठवत नाही, पण हात त्याच्या पाठीवर पडला ते आठवतं. जोरात पडला. नणंद म्हणाली, “भाभी, लेकरू आहे ते.” छोटे मियाँ रडले नाहीत. अर्धवट राहिलेलं जागच्या जागी थांबवलं आणि आमच्याकडे बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी त्यांना शी झाली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. खुर्चीचा पाय धरून चवड्यांवर उभे राहायचे, पायाला पायाची आढी घालायचे, घाम फुटायचा. आम्ही शेजारी उभं राहून “जोर लाव बेटा, जोर लाव” म्हणायचो. तो जोर लावत होताच, पण उलटा. बाहेर येऊ नये म्हणून! हे आम्हाला नंतर कळलं. पाचव्या दिवशी चड्डीला सारखं पातळ लागायला लागलं. आम्हाला वाटलं, जुलाब झाले. भाताची पेज आणि केळं सुरू केलं, म्हणजे दुखण्याला आणखी खतपाणी. शेजारच्या एका चाचींनी विड्याच्या पानाचा देठ एरंडेलात बुडवून वापरायला सांगितला, दुसरीनं साबणाची कांडी. तेवढं मात्र सासूबाईंनी करू दिलं नाही. सहाव्या दिवशी रात्री एक दगडासारखी शी झाली, तिच्याबरोबर रक्ताचा थेंब आला, आणि जी किंकाळी निघाली ती आमच्या ईदच्या किंकाळीपेक्षा मोठी होती.

त्याला धुऊन, कोरडं करून मांडीवर घेतलं. बराच वेळ हुंदके देत होता. मग शांत झाला आणि अगदी सहज, नाव सांगावं तसं म्हणाला, “अम्मी, मी छी.”

हे तेव्हा दारात उभे होते. काही न बोलता आत गेले. आम्ही रात्रभर त्याला कुशीतून खाली ठेवला नाही, पण झोपलेल्या लेकराला त्याचा काय उपयोग.

सकाळी बालरोगतज्ज्ञ बाईंकडे नेलं. त्यांनी पोट चाचपून पाहिलं आणि आमचा हात धरून त्याच्या बेंबीच्या डाव्या बाजूला खाली ठेवला. आत कडक गोळे लागत होते. त्यांनी समजावलं ते असं: एकदा शी करताना दुखलं, किंवा भीती बसली, की मूल ती रोखून धरतं. रोखली की आतलं पाणी शोषलं जाऊन ती आणखी कडक होते. कडक झाली की आणखी दुखतं. दुखलं की आणखी रोखतं. मागं गोळा साचला की त्याच्या कडेकडेनं पातळ झिरपतं, ते मुलाला कळतही नाही. आईबापांना वाटतं जुलाब, किंवा आळस. त्यांनी शी मऊ करणारं औषध दिलं आणि निक्षून सांगितलं की दोन दिवसांत बरं वाटलं म्हणून बंद करू नका, हे काही महिने चालेल. ताणलं गेलेलं आतडं पूर्ववत व्हायला आणि मुलाच्या मनातलं दुखणं जायला वेळ लागतो. दूध दिवसाला चार-पाच बाटल्या चाललं होतं, ते कमी करायला लावलं. पाणी, पपई, भिजवलेले बेदाणे आणि अंजीर, डाळ-भाजी वाढवायला सांगितली. रक्त पुन्हा आलं, पोट फुगलं, उलटी झाली, तर लगेच घेऊन यायचं.

आणि शेवटी म्हणाल्या, “डायपर परत लावा.”

आम्ही दचकलोच. पंधरा दिवसांची मेहनत! त्या म्हणाल्या, “कपाटामागं जाऊन करतो म्हणालात ना? म्हणजे त्याला आधी कळतंय. एवढं पुरे आहे सध्या. बाकीचं त्याची भीती गेल्यावर.”

बी.एड.ला आम्हाला मानसशास्त्राच्या पेपरात एरिक्सन होता. १९५० सालच्या पुस्तकात त्यानं माणसाच्या वाढीचे आठ टप्पे सांगितले. दुसरा टप्पा साधारण दीड ते तीन वर्षांचा: स्वायत्तता विरुद्ध लाज आणि शंका. मूल स्वतःच्या शरीराचा ताबा घ्यायला शिकतं त्याच वयात त्याला लाजवलं तर ती लाज घट्ट बसते, अशा अर्थाचं उत्तर आम्ही अक्षर सुंदर काढून लिहिलं होतं. शौचाच्या सवयीचं उदाहरणही दिलं होतं. चांगले गुण पडले होते.

बालवाडी लांबणीवर टाकली. यांनी महिनाभर रात्रपाळी मागून घेतली, दिवसा ते घरी. घरात एक नियम केला की ‘छी’ आणि ‘नापाक’ हे शब्द छोटे मियाँच्या कानावर पडता कामा नयेत. मोठ्या मुलीला हे फार अवघड गेलं, तिची ती सवयच होती. ती अर्थात आमच्याकडूनच उचललेली. धुवायचं ते सगळं आधीसारखंच धुवायचो. फक्त गप्प धुवायचो.

एका रात्री हे म्हणाले, “मस्जिदे नबवीतला तो किस्सा तू वर्गात शिकवतेस ना?” शिकवतो. एक बदू येऊन मशिदीतच लघवीला बसला, लोक त्याच्या अंगावर धावले, तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी लोकांना अडवलं, त्याला मध्येच थांबवू नका म्हणाले, त्याचं झाल्यावर त्या जागेवर बादलीभर पाणी ओतायला लावलं आणि मग त्याला जवळ बोलावून समजावलं. आम्ही दरवर्षी हा किस्सा सांगतो, धडा म्हणून ‘सहनशीलता’ लिहून देतो. त्यातलं ‘मध्येच थांबवू नका’ हे आमच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. तो बदू मोठा माणूस होता, त्यालाही मध्येच तोडलं नाही. आमचं तर दोन वर्षांचं. हे पुढं म्हणाले, “आणि नातीला, हजरत उमामांना (रजि.), खांद्यावर घेऊन नमाज पढायचे. मदिनेत तेव्हा कसले डायपर!” यावर आम्हाला हसू आलं, बऱ्याच दिवसांनी.

जुलैत औषधानं शी मऊ झाली, रोजची रोज व्हायला लागली, डायपरमध्येच का होईना. पॉटीच्या बदकाकडे मात्र ते बघत नव्हते, आणि मोरीपलीकडच्या संडासाच्या भांड्याला तर घाबरायचेच. खरं म्हणजे त्यांचीही चूक नाही. मोठ्यांसाठी केलेलं ते भांडं, दोन पायठाण्यांमधलं अंतर एवढं, मध्ये भोक, वरून धबाधबा पाणी. आपल्यातलाच एक तुकडा त्यात पडून नाहीसा होतो, हे दोन वर्षांच्या डोक्याला काय वाटत असेल!

तिथं सासूबाई कामाला आल्या. खुर्चीवर बसूनच. त्यांनी पाच मुलं वाढवली, आणि त्यांच्या म्हणण्याप्रमाणे पाचही वर्षाच्या आत ‘सांगणारी’ झाली होती. पद्धत जुनीच, बहुतेक घरांत आजीला येत असते. मोरीत पाटावर बसायचं, पाय समोर लांब करायचे, दोन्ही पावलं जरा फाकवून त्यांच्यावर मुलाला आपल्याकडे तोंड करून बसवायचं. मुलाचे हात आपल्या हातात. आणि तोंडानं सूऽऽ किंवा शीऽऽ असा आवाज. आम्ही म्हणालो, “अम्मी, एवढ्या मोठ्याला कुठं पायांवर बसवायचं?” त्या म्हणाल्या, “मोठा कोण? त्याला खाली भोक दिसायला नको, तुझं तोंड दिसायला पाहिजे.”

जेवण झाल्यावर वीसेक मिनिटांनी बसवायचं, कारण पोटात अन्न गेलं की आतडी हलायला लागतात. हे डॉक्टरबाईंनीही सांगितलं होतं. पाच मिनिटं, जास्त नाही. झालं तर ठीक, नाही तर “चला, उठा.” चांदण्या बंद. पहिले आठ दिवस काहीच झालं नाही, नुसत्या गप्पा झाल्या. आमची पावलं सुन्न व्हायची. छोटे मियाँ मात्र खूश, दिवसातून दोनदा अम्मी समोर बसते, पळत नाही, लोकल गाठायची नसते, तोंडातोंडी बोलते. नवव्या दिवशी गप्पांच्या मध्येच ते थांबले, आमच्या बोटांवरची पकड घट्ट झाली. आम्ही श्वास रोखला. काही बोललो नाही. झालं.

नंतर वाचनात आलं की हीच बैठक आफ्रिकेतही आहे. केनियाच्या किनाऱ्यावर डिगो नावाचा समाज राहतो, बहुतांशी मुसलमान. १९७७ साली त्यांच्यावरचा अभ्यास अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या मासिकात छापून आला. तिथल्या आया मूल काही आठवड्यांचं असतानाच पाय लांब करून त्याला पायांमध्ये धरतात, तोंडानं असाच आवाज काढतात, आणि पाच-सहा महिन्यांत मूल त्या इशाऱ्यावर शी-सू करायला लागतं. हे वाचून दाखवलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, “मग आम्हाला कुणी छापलं नाही ते?” त्याच मासिकात १९६२ साली ब्रेझल्टन नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी ११७० मुलांची माहिती दिली होती. मुलाच्या कलानं घेतलेल्या त्या मुलांना दिवसाचं शिकायला सरासरी २८ महिने आणि वर थोडे दिवस लागले होते. छोटे मियाँ तेव्हा सत्तावीस महिन्यांचे! म्हणजे उशीर कुणालाच झालेला नव्हता. डिगो आया बरोबर की अमेरिकन डॉक्टर, हा वाद आम्ही घालणार नाही. डिगो आई दिवसभर मुलाला अंगाशी धरून असते, आम्ही लोकल धरतो. दोघींचं मूल एकाच वेळी कसं शिकेल? आमची चूक इतकीच, की आम्ही डिगो आयांची घाई घेतली आणि त्यांची मांडी घेतली नाही.

एक गोष्ट लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं. लिहितो.

साताठ वर्षांपूर्वी आमच्या पहिलीच्या वर्गात एक मुलगी होती. वर्गात नियम होता, एक जण बाहेर गेला की तो परत आल्याशिवाय दुसऱ्यानं जायचं नाही. पोरं उगाच बाहेर हुंदडतात म्हणून केलेला नियम, आम्हीच केलेला. तिनं दोनदा करंगळी वर केली, आम्ही फळ्याकडे वळलो. तिसऱ्यांदा तिनं केलीच नाही. बाकाखाली ओघळ आला तेव्हा सगळा वर्ग हसला आणि आम्ही म्हणालो, “एवढी मोठी झालीस, लाज नाही वाटत?” ती चार दिवस शाळेत आली नाही. पाचव्या दिवशी आली ती पाण्याची बाटली न घेता. वर्षभर तिनं शाळेत पाणी प्यायलेलं आम्ही पाहिलं नाही. पाहत होतो, पण त्याचा अर्थ लावला नाही. ‘अम्मी, मी छी’ ऐकल्यावर ती बाटली आठवली.

आता वर्गाच्या दाराशी खिळ्याला दोन लाकडी पट्ट्या टांगल्या आहेत. ज्याला जायचं त्यानं पट्टी घ्यायची, जायचं, परत आणून लावायची. विचारायचं नाही. पहिल्या आठवड्यात पोरांनी नुसती ये-जा केली, मग कंटाळली. हुंदडणारी दोन-तीन अजून हुंदडतात. कपाटात तीन-चार मापांच्या चड्ड्या-सलवारी ठेवल्या आहेत. पालकसभेत एका आईनं विचारलं की मुलगा सहा वर्षांचा झाला तरी कधी कधी रात्री गादी ओली करतो, काय करावं. पूर्वी आम्ही म्हणालो असतो, संध्याकाळनंतर पाणी देऊ नका आणि जरा धाक दाखवा. आता म्हणालो, रात्रीचा ताबा दिवसाच्या बराच नंतर येतो, त्यात त्याचा हट्ट नाही, डॉक्टरांना एकदा विचारा आणि सकाळी भावंडांसमोर बोलू नका.

ऑगस्टअखेरची गोष्ट. रविवारी खोपोलीला आमच्या एका सोबतिणीकडे दावत होती. संध्याकाळी परत निघालो, हे, आम्ही आणि छोटे मियाँ. पाऊस होता. लौजी गेलं, गाडीनं वेग घेतला आणि छोटे मियाँ खिडकीकडून वळून म्हणाले, “अम्मी, शी आली.”

आजवर हे त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. आम्ही बसवायचो, ते करायचे, पण आपण होऊन सांगणं नव्हतं. आणि सांगितलं ते लोकलमध्ये, जिथं संडास नसतो. घरून निघताना लावलेला डायपर अंगात होताच. हे हळूच म्हणाले, “त्यातच करू दे.” आम्ही त्यांच्याकडे पाहिलं. छोटे मियाँनी आमचं बोट धरलं होतं आणि पायाची आढी घातली नव्हती. नुसते वाट बघत होते.

डोलवलीला उतरलो. गाडी निघून गेली. फलाटाच्या टोकाला झाडीशेजारी आडोसा पाहिला. यांनी छत्री धरली. पिशवीतला नवा डायपर उलगडून आम्ही जमिनीवर पसरला, त्यामागं ओल्या दगडावर ईदचा चांगला सलवार-कमीज घालून बसलो, पाय लांब केले, पावलांवर छोटे मियाँना बसवलं. छत्रीवर पावसाचा एवढा आवाज होता की आमचा शीऽऽ आम्हालाच ऐकू येईना. पण त्यांना त्याची गरज नव्हती.

बाटलीतल्या पाण्यानं धुतलं. डायपर गुंडाळून पिशवीत घातला. छोटे मियाँ उभे राहून पिशवीकडे बघत म्हणाले, “दादीला दाखवू?”

हे म्हणाले, “सांगू. दाखवायला नको.”

पुढच्या गाडीला वेळ होता. आम्ही फलाटावर बाकड्यावर बसलो. आमची सलवार चिखलानं भरली होती, मगरिबची वेळ होत आली होती. छोटे मियाँनी चिखलाच्या डागावर बोट ठेवलं आणि म्हणाले, “अम्मी, धुवायचं.” आम्ही म्हणालो, “हो, घरी गेल्यावर.”